शिडाचं जहाज बघायला मुलांना नेताना, आणि परत आणल्यावर

सगळ्यात आधी आधार कार्डं जमवा. प्रत्येक मुलाचं, सोबत येणाऱ्या प्रत्येक पालकाचं आणि बसच्या ड्रायव्हरचंही. नौदलाच्या गेटवर ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत, आणि एका मुलासाठी अख्खी सहल उन्हात उभी राहते. पायात मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल किंवा बूट हवेत, कारण डेकवर ओल असते आणि शिड्या उभ्या असतात. गेटवर फोन जमा करून घेतात, तेव्हा फोटोंचं वचन कोणाला देऊ नका. त्याऐवजी प्रत्येकाच्या हातात वही आणि पेन्सिल द्या. जे हाताने काढलं जातं ते मुलांच्या जास्त लक्षात राहतं.

मी सिंधुदुर्गात किनाऱ्यावरच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवते. वर्गातली बरीच मुलं रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) आणि ट्रॉलरवर मासेमारीला जाणाऱ्यांच्या घरची आहेत. त्यांना मी गोव्याला आणि जमलं तेव्हा मुंबईला जहाजं दाखवायला नेते. आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक विचारतात, कसं जमवता, आणि बघून आल्यावर पुढे काय? हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे खाली त्यालाच जास्त जागा दिली आहे.

जायचं कधी, याचं सोपं उत्तर म्हणजे ४ डिसेंबरच्या आगेमागे. तो नौदल दिन. त्या सुमाराला मुंबई, गोवा, कोची अशा ठिकाणी काही जहाजं विद्यार्थ्यांसाठी खुली करतात. त्याची सूचना स्थानिक वर्तमानपत्रांत आणि नौदलाच्या अधिकृत पानांवर येते. दिवाळीच्या सुट्टीआधीच मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र पाठवून ठेवा. पत्रात मुलांची संख्या, इयत्ता आणि सोबतच्या शिक्षकांची नावं द्या, आणि त्या काळात शिडाचं जहाज बंदरात असणार आहे का तेही विचारा. ‘तरंगिणी’ आणि ‘सुदर्शिनी’ ही नौदलाची दोन मोठी शिडाची प्रशिक्षण जहाजं. दोघींचं घर कोची, पण वर्षातला मोठा काळ त्या बंदरोबंदरी फिरत असतात. ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या छोट्या नौका गोव्यात आयएनएस मांडवी या नौदल तळाकडे असतात. तिथे आधी लेखी परवानगी लागते आणि ती दर वेळी मिळेलच असं नाही. नाही मिळाली तर मुलांना आपल्याच किनाऱ्यावर लाकडी होडी बांधणाऱ्या सुताराकडे घेऊन जा. फळी फळीला कशी बसवतात, शिवण पाणबंद कशी करतात हे ज्याने जवळून पाहिलं, त्याला पुढे मोठं जहाज जास्त कळतं.

सहलीच्या आधी निदान दोन तास वर्गात द्या. मी वर्गात दोरखंड आणते आणि गाठी शिकवण्याचं काम मासेमारांच्या मुलांकडे सोपवते. बोलाईन, म्हणजे कितीही ताण आला तरी न आवळणारा फास, त्यांना झोपेतही येतो. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा त्या दिवशी डॉक्टरांच्या मुलीचा हात धरून गाठ शिकवत असतो. जहाजावर पोहोचायच्या आधीच त्याला कळलेलं असतं की आपल्या घरात जे आहे ते मोलाचं आहे.

दुसऱ्या तासाला पृथ्वीगोल आणि लोकरीचा धागा घ्या. गोव्यातून धागा निघतो, ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला जातो, तिथून न्यूझीलंडचं लिटलटन, मग पॅसिफिक ओलांडून केप हॉर्नला वळसा घालून फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनले, पुढे केप टाऊन आणि परत घर. १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात ‘तारिणी’ या वाटेने पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. नौका जेमतेम १७ मीटरची, आणि तिच्यावर नौदलाच्या सहा महिला अधिकारी. नावं फळ्यावर लिहा आणि शक्य तिथे गावंही लिहा. वर्तिका जोशी ऋषिकेशच्या, प्रतिभा जामवाल हिमाचलातल्या कुल्लूच्या, विजया देवी मणिपूरच्या. स्वाती, ऐश्वर्या आणि पायल गुप्ता यांचीही नावं लिहा. मग मुलांना नकाशावर कुल्लूपासून सगळ्यात जवळचा समुद्र शोधायला सांगा. त्यानंतर वर्गात जी शांतता पसरते तिच्यात काही बोलू नका. आपल्या घराच्या पडवीतून समुद्र दिसतो हे प्रत्येकाला तेव्हा आपोआप आठवतं.

ही वाट आधी कोणी उघडली तेही सांगा, कारण त्यात आपली माणसं आहेत. एका भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून जगाला फेरी मारावी हा ध्यास निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा. ते फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत, समुद्रापासून कितीतरी लांब. तो ध्यास पुरा केला दिलीप दोंदे यांनी. १९ ऑगस्ट २००९ ला ते मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन निघाले आणि १९ मे २०१० ला परतले. नौका बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात. पुढे त्याच नौकेतून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता एकटे जग फिरून आले. मुलांना या गोष्टीतल्या सगळ्या भूमिका दाखवा: स्वप्न बघणारा म्हातारा, नौका बांधणारा कारागीर, ती चालवणारा अधिकारी. बहुतेक मुलांना फक्त तिसरा दिसतो.

डेकवर

वर गेल्यावर लगेच माहिती सांगत सुटू नका. पाच मिनिटं मुलांना डोलकाठीकडे मान वर करून बघू द्या. ‘तरंगिणी’ला तीन डोलकाठ्या आहेत. पुढच्या दोन काठ्यांवर आडव्या काठ्यांना चौकोनी शिडं बांधलेली असतात, तर मागच्या काठीवरचं शीड जहाजाच्या लांबीच्या दिशेने ताणलेलं असतं. हा फरक मुलांना स्वतःला शोधू द्या. मग विचारा, असं का? चौकोनी शिडं मागून येणारा वारा भरभरून घेतात, आणि मागचं शीड जहाजाला वाऱ्याच्या दिशेकडे तोंड वळवायला मदत करतं. 

मग दोर दाखवा. शेकडो दोर, आणि प्रत्येकाची खुंटी ठरलेली. पुस्तक वाचून ते पाठ होत नाहीत. काळोख्या रात्री, पाऊस तोंडावर येत असताना हाताने चाचपून नेमका दोर सापडला पाहिजे. एकाने चुकीचा सोडला तर वर काठीवर उभा असलेला दुसरा संकटात येतो. क्षेपणास्त्रांच्या जमान्यात नौदल आपल्या नव्या अधिकाऱ्यांना शिडाच्या जहाजावर का पाठवतं, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. त्याचं उत्तर त्या खुंट्यांपाशी उभं राहूनच द्यावं. वारा, प्रवाह आणि आकाश अंगाला कळावं म्हणून, आणि आपला जीव दुसऱ्याच्या हातातल्या दोरावर आहे हे कळावं म्हणून.

कठड्यावरचे दिवे विसरू नका. पुढे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिसतोय की हिरवा, यावरून ते कुठल्या बाजूने जाणार हे ठरवायचं असतं. हे नीट समजावा. पुढे डोळ्यांच्या तपासणीचा विषय येतो तेव्हा हेच उपयोगी पडतं.

आता प्रश्न. मुलं लाजतात आणि शिक्षकच सगळं विचारतात, म्हणून मी प्रत्येक मुलाला आदल्या दिवशी एक प्रश्न वहीत लिहायला लावते. ‘हे जहाज किती लांब आहे’ हा प्रश्न मी काढून टाकते, ते फलकावर असतं. ठेवण्यासारखे प्रश्न असे: काका, तुम्ही कुठल्या गावचे? दहावीनंतर काय घेतलंत? कोणत्या परीक्षेतून आलात? पहिल्यांदा नापास झाला होता का? घरच्यांनी अडवलं होतं का? तुमचं रोजचं काम नेमकं काय? स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियन, डोलकाठीवर चढणारा नाविक, वैद्यकीय साहाय्यक, सगळ्यांना विचारायला लावा. अधिकारी फार छान बोलतात, पण आपल्या मुलांना सगळ्यात जास्त नाविकांकडून मिळतं. लातूरच्या, बीडच्या एखाद्या नाविकाने मराठीत उत्तर दिलं की मुलांचे चेहरे बघा.

अभिमान कसा सांगावा

जहाजावर तिरंगा असतो, मागे नौदलाचं निशाण असतं. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली त्या दिवशी हे नवं निशाण आलं. त्यावरची अष्टकोनी चौकट छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतली आहे. सिंधुदुर्गची पायाभरणी १६६४ ची, आणि २०२३ चा नौदल दिन तर आमच्याच मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. आमच्या मुलांना हे सांगताना माझा आवाज चढतो, आणि तो चढावा असंच मला वाटतं.

पण मी तिथे थांबत नाही. मी त्यांना मुंबईत बांधलेल्या ‘ट्रिंकोमाली’ची गोष्ट सांगते. जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागवानात बांधलेलं हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. दोनशेहून जास्त वर्षं झाली, आज इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे ते अजून पाण्यावर तरंगतं आहे. लाकूड आपलं, हात आपले, कसब आपलं. जहाज मात्र ब्रिटिश आरमाराचं. अभिमान वाटतो ना? वाटलाच पाहिजे. पण मग मुलांना विचारा, त्या सुताराच्या मुलाला त्या जहाजाचा कप्तान होता आलं असतं का?

तिथून पुढे १९१९ ला या. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांनी ग्वाल्हेरच्या महाराजांकडून ‘लॉयल्टी’ ही आगबोट विकत घेतली आणि सिंदिया ही जहाज कंपनी उभी केली. त्या ‘लॉयल्टी’ने ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनकडे पहिली सफर केली. परक्या कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला नामोहरम करायचा प्रयत्न केला. तरी कंपनी टिकली, आणि म्हणून ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन. स्वतःचं जहाज असलं की त्यावरची कप्तानाची खुर्चीही आपल्या मुलांसाठी मोकळी होते. ‘तरंगिणी’ वास्कोच्या गोवा शिपयार्डात बांधली, ११ नोव्हेंबर १९९७ ला नौदलात आली आणि २००३-०४ मध्ये जगाला फेरी मारून आली. पृथ्वीप्रदक्षिणा करणारं ते भारतीय नौदलाचं पहिलं जहाज. आराखडा एका ब्रिटिश तज्ज्ञाचा, कॉलिन म्युडी यांचा. मुलांना हेही सांगा. ‘ट्रिंकोमाली’च्या वेळी आपण दुसऱ्याच्या मागणीवर बांधत होतो, ‘तरंगिणी’च्या वेळी मागणी आपली होती. मला देशाभिमानाचा अर्थ इथे सापडतो. कसब आपल्याकडे नेहमीच होतं, पण संधी स्वातंत्र्याने दिली. ती संधी आपल्या वर्गातल्या मुलापर्यंत पोहोचली नाही तर निशाणाकडे बघून छाती फुगवणं अर्धवट राहतं.

‘कौंडिण्य’ची गोष्ट मुलांना सगळ्यात जास्त आवडते. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रात जसं जहाज आहे तसं पुन्हा बांधायचं ठरलं. गोव्यात ते बांधलं केरळच्या कारागिरांनी, बाबू शंकरन यांच्या हाताखाली. खिळा नाही, फळ्या काथ्याने शिवलेल्या. मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं आणि २९ डिसेंबरला पोरबंदरहून मस्कतकडे निघालं. चित्रात जहाजाची खालची बाजू दिसत नाही, तेव्हा आकार, तोल आणि शिडांचा ताण यांचं गणित अभियंत्यांना आणि नौदलाला नव्याने मांडावं लागलं. वर्गात चित्रकलेत हुशार आणि गणितात हुशार अशी दोन वेगळी मुलं असतील तर त्यांना एकत्र बसवून हे सांगा.

परत आल्यावर

घरी येताना बसमध्ये सगळ्यांनाच नौदलात जायचं असतं. सोमवारी निम्म्यांना, महिन्याभराने दोघा-तिघांना. सहलीनंतरच्या पहिल्या महिन्यात काही गोष्टी हातावेगळ्या केल्या नाहीत तर मुलांच्या मनात फक्त आठवण उरते.

पहिली गोष्ट डोळे. सरकारी रुग्णालयात नजर आणि रंगदृष्टी तपासून घ्या. व्यापारी जहाजावर डेकच्या कामाला चष्म्याशिवायची चांगली नजर लागते, इंजिन विभागात ठरावीक नंबरापर्यंत चष्मा चालतो, रंगांधळेपण दोन्हीकडे चालत नाही. लाल-हिरव्या दिव्यांचं कारण मुलांनी डेकवर ऐकलेलं असतं, त्यामुळे ही अट त्यांना जाचक वाटत नाही. हे बारावीनंतर, पैसे भरल्यावर कळण्यापेक्षा नववीत कळलेलं केव्हाही बरं.

दुसरी गोष्ट पोहणं. किनाऱ्यावरच्या मुलींना पोहता येत नाही ही मला मनापासून लागणारी गोष्ट आहे. भाऊ खाडीत डुंबत वाढतो आणि बहीण काठावर कपडे सांभाळत बसते. सहलीनंतर पालकसभा घ्या आणि हा एकच विषय ठेवा. आयांना बोलवा, त्या लवकर पटतात.

तिसरी गोष्ट दहावीनंतरचा विषय. इथे मी अगदी हट्टी आहे. गणित आणि भौतिकशास्त्र सोडलं की समुद्रावरची बरीच मोठी दारं त्याच दिवशी बंद होतात. एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, नौदलासाठी बारावीला हे दोन्ही विषय आणि रसायनशास्त्र लागतं. परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि बारावीत शिकत असतानाही अर्ज करता येतो. मुलींना हे दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशामुळे उघडलं आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ जणी तिथून प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडल्या. तयारीसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला आणि मुलींसाठी नाशिकला. प्रवेश दहावीच्या सुमारास होतो, त्यामुळे जाहिरातीवर नववीपासूनच लक्ष ठेवा. जेईई मेनच्या गुणांवर केरळातल्या एझिमलाच्या नौदल अकादमीत बी.टेक.साठी जाण्याचाही एक मार्ग आहे.

नौदलात अग्निवीर म्हणून दहावीनंतर किंवा विज्ञान शाखेच्या बारावीनंतर जाता येतं, प्रशिक्षण ओडिशात आयएनएस चिल्कावर. पालकांना स्पष्ट सांगा की ही चार वर्षांची नेमणूक आहे आणि पुढे त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच मुलांना कायम ठेवतात. हे समजून जो मुलगा जातो तो चार वर्षांत पुढच्या शिक्षणाचाही विचार करतो.

व्यापारी जहाजांचा रस्ता वेगळा. भारतीय सागरी विद्यापीठाची सामाईक प्रवेश परीक्षा द्यायची, मग नॉटिकल सायन्स, म्हणजे जहाज चालवण्याचं शिक्षण, किंवा मरीन इंजिनिअरिंग. बारावीला भौतिक, रसायन, गणित मिळून साठ टक्के आणि इंग्रजीत पन्नास हे धरून चाला. नेरूळचं ‘चाणक्य’ हे प्रशिक्षण केंद्र त्याच विद्यापीठाचं, आणि त्याची परंपरा १९२७ च्या ‘डफरिन’ या प्रशिक्षण जहाजापर्यंत जाते. दहावीनंतर जीपी रेटिंगचा, म्हणजे जहाजावरच्या सर्वसाधारण कामांचा, सहा महिन्यांचा कोर्स करून खलाशी म्हणूनही लागता येतं, आणि परीक्षा देत देत वर चढता येतं.

आता जे लिहिते ते कृपा करून दोनदा वाचा. आमच्या भागातल्या एका कुटुंबाने दागिने मोडून एका एजंटाला पैसे दिले. मुलगा परदेशातल्या बंदरात पगाराविना अडकला आणि मोठ्या मुश्किलीने घरी आला. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमाने बंद आहे. भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना हवा, आणि त्याचा क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कोर्स देणारी संस्थाही तिथल्या मान्यताप्राप्त यादीत असली पाहिजे. शाळेच्या कॉम्प्युटरवर हे कसं शोधायचं ते मी दहावीच्या प्रत्येक मुलाकडून करून घेते. प्रवेश घेण्याआधी संस्थेला आणखी एक विचारा: कोर्स संपल्यावर जहाजावरच्या प्रशिक्षणाची जागा कोण देणार, आणि ते लेखी देता का? पुष्कळ मुलं इथेच अडकतात. कोर्स पुरा, कर्ज डोक्यावर, आणि जहाज नाही.

शाळेत किंवा जवळच्या कॉलेजात एनसीसीचा नौदल विभाग असेल तर मुलांना आत्ताच घाला. तिथे होडी वल्हवणं, शीड हाताळणं प्रत्यक्ष हाताने शिकवतात. नसेल तर मुख्याध्यापकांमार्फत जिल्ह्याच्या एनसीसी कार्यालयाला पत्र लिहा. एका पत्राने होत नाही, दरवर्षी लिहा.

ज्यांची रंगदृष्टी कमी निघाली, ज्यांना समुद्र लागतो, किंवा ज्यांच्या घरून दूर पाठवणं शक्य नाही, त्यांना वर्गात एकटं पडू देऊ नका. जहाजाचा आराखडा करणाऱ्यांचं शिक्षण कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात, खरगपूर आणि मद्रासच्या आयआयटीत मिळतं. अर्ज करण्याआधी तिथले वैद्यकीय निकष वाचून घ्या. आयटीआयमधून वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन झालेल्यांना गोवा शिपयार्ड आणि माझगाव डॉक शिकाऊ म्हणून घेतात, त्यांच्या जाहिराती शाळेच्या फलकावर लावा. आणि ज्याच्या घरात होडी बांधायचं काम आहे, त्याच्या बाबांना एखाद्या शनिवारी वर्गात बोलवा, हत्यारं घेऊन. मजुरी बुडते म्हणून ते कां-कूं करतात. शाळेने त्या दिवसाचे पैसे द्यावेत.